पाहुणी येते म्हणाली

मी लिफ्टसाठी बोलतो. ‘दार बंद होत आहे’ हे वाक्य तुम्ही कुठे ऐकलं असेल, तर आपली जुनी ओळख आहे. बोलायला फार वेळ लागत नाही. खरं काम नंतरचं, रेकॉर्डिंगमधले श्वास कापून काढायचं. लिफ्टनं श्वास घेतलेला लोकांना चालत नाही.

बाबा गाडी शिकवतात. घरात कोणी भरभर चाललं की त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबतो. आई शाळेत गणित शिकवायची, पण मुंगीसाठी रजेवर होती. मुंगी म्हणजे माझी धाकटी बहीण. अकरा वर्षांची. तिच्या लिव्हरनं राजीनामा दिला होता आणि दोन्ही मूत्रपिंडांनी त्याला पाठिंबा म्हणून संप पुकारला होता. डोळे हळदीसारखे पिवळे. अंगाला सतत खाज. पाणी मोजून, त्यामुळे ती बर्फाचा एक खडा तोंडात ठेवून त्याच्याशी वाटाघाटी करत बसायची. डायलिसिससाठी तिच्या दंडाच्या दोन शिरा जोडल्या होत्या. तिथे कान लावला की गुरगुर ऐकू यायची. “माझ्या हातात मांजर आहे,” ती सगळ्यांना सांगायची, “पण ती फक्त सुया खाते.”

मुंगी बरी होणार याबद्दल घरात कोणाला शंका नव्हती. फक्त कधी, एवढाच प्रश्न होता.

“लिव्हर आणि किडनी एकाच व्यक्तीकडून मिळाली तर उत्तम,” सर्जनबाई म्हणाल्या होत्या. “वयानं लहान असेल तर आणखी चांगलं. म्हणजे एखादं मूल जर...”

त्या थांबल्या. ते वाक्य आमच्यापैकी कोणीही पूर्ण केलं नाही. घरी येताना बाबाच म्हणाले, “थोडक्यात काय, पाहुणी यायची आहे.”

मग तेच रूढ झालं. पाहुणीसाठी खोली धुतली. पाहुणीला सोसतील अशी औषधं आणून ठेवली. सकाळी चहा गाळता गाळता आई खिडकीकडे बघून म्हणायची, “ये गं बाई आता लवकर.” आम्ही हसायचो. चांगल्या घरात पाहुण्यांना असंच बोलावतात.

आणि ‘जातो’ म्हणायची बंदी होती. तसं ते कुणीच म्हणत नाही, निघताना ‘येतो’च म्हणतात, पण आमच्याकडे कायदा कडक झाला होता. चुकून आमच्याकडे फोन लागलेल्या एका गृहस्थांनाही बाबांनी ‘ठेवतो’च्या जागी ‘येतो’ म्हणायला लावलं. ते बिचारे पत्ता विचारायला लागले.

मुंगीच्या खोलीत भोंगा होता. तान्ह्या बाळांच्या उशाशी ठेवतात तसलं यंत्र. एक डबी तिच्याजवळ, दुसरी स्वयंपाकघरात. तिनं हाक मारली की इकडे ऐकू येई. एका दुपारी आई कणीक मळत होती, मी डबा धूत होतो, आणि भोंग्यातून आवाज आला.

“येते हं.”

मुलीचा आवाज. स्वच्छ, नम्र. आई हात तसेच घेऊन आत गेली. मुंगीच्या खोलीत बाहेरच्या कोणाला सोडायचं नाही असा नियम होता.

“कोण आलं होतं गं?”

“कोणी नाही,” मुंगी म्हणाली.

“मग आत्ता गेलं कोण?”

“आई, कोणी आलंच नाही तर जाईल कसं? तू गणित शिकवतेस ना?”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. “येते हं.” मग रोजच. शेजारच्या घरातलं यंत्र आपल्या यंत्राला लागतंय, असं मी ठरवलं. असं होतं. फक्त शेजारी एक निवृत्त काका एकटेच राहतात. ते रोज दुपारी मुलीच्या आवाजात स्वतःचा निरोप घेत असतील, तर तो त्यांचा खाजगी प्रश्न होता. तरी मी माइक आणला आणि तो आवाज पकडून कामावर नेला.

हेडफोनमध्ये ऐकला. पोरीचाच आवाज, आठ-दहा वर्षांची असावी. श्वास शोधायची मला सवय. माणूस आधी श्वास घेतो, मग बोलतो. ही आधी बोलली होती. श्वास नंतर होता. एकच, लांब, आत ओढलेला. पुढे काहीच नाही.

मी तो कापला नाही. कुठून कापायचा ते कळेना.

संध्याकाळी मी मुंगीजवळ बसलो. “तुला ऐकू येतं ते?”

“हो की.”

“निरोप घेतंय कोणीतरी.”

“ती निरोप नाही घेत, दादा.” मुंगी दंड खाजवत होती. “तुम्ही बोलावताय ना रोज? ती उत्तर देते. येते म्हणजे येते.”

मी विनोद शोधला. एरवी माझ्याकडे साठा असतो.

हॉस्पिटलचा फोन नाश्त्याच्या वेळी आला. लिव्हर आणि किडनी, एकाच व्यक्तीकडून. ताबडतोब निघा. बाबांनी शिकाऊ गाडी दारात लावली, तिच्यावरची ‘शिकाऊ’ पाटी तशीच. बॅग मी घेतली. मुंगी मास्क लावून उंबऱ्याशी उभी होती. आई कुलूप लावत होती.

घरात कोणी नव्हतं. स्वयंपाकघरातून भोंगा म्हणाला, “आले, आले!”

पळत येणारं माणूस लांबून ओरडतं तसं.

आईचा हात किल्लीवर थांबला.

कोण कुठून निघालं होतं, कशामुळे निघालं होतं, हे आई, बाबा आणि मी, आम्हा तिघांनाही त्या क्षणी समजलं असावं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. मुंगीचे पिवळे डोळे आईवर होते.

“आई,” मी म्हणालो.

“येतेय ना?” आई म्हणाली. “मग येऊ दे.” आणि तिनं किल्ली फिरवली.

ऑपरेशन फार चांगलं झालं. सर्जनबाई दमलेल्या होत्या आणि खूश होत्या. नव्या किडनीनं टेबलावरच काम सुरू केलं. बाबांनी लघवीच्या पिशवीचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, आणि एका आत्यानं त्यावर ‘सुंदर’ असं लिहिलं. मुंगीचे डोळे पांढरे होत गेले. खाज गेली. गाल भरले. आम्ही तिला घरी आणली, भोंगा गप्प होता, आणि मी कामावर जाऊन उत्साहानं ‘आपला मजला आला आहे’ असं बोललो. साहेब म्हणाले, जरा कमी आनंदानं.

आता तिला भरपूर पाणी प्यायचं होतं. एका दुपारी मी मोठा तांब्या घेऊन मास्क लावून आत शिरलो. “मुंगे! ऊठ, समुद्र आलाय!”

ती उठलेलीच होती. पलंगावर ताठ बसून चित्र रंगवत होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू,” ती म्हणाली. “मुंगी झोपलीय.”

आमचं घर थट्टेखोर आहे. मी तिच्या हसण्याची वाट पाहिली.

ती हसली नाही. तिनं तांब्या घेतला, सगळं पाणी संपवलं, आणि परक्या घरी वागावं तसं “छान होतं” म्हणाली.

“कधीपासून झोपलीय?” मी विचारलं. माझा आवाज आपोआप खाली आला होता.

“ऑपरेशनपासून. खूप दमली होती ना.”

मी रिकामा तांब्या घेऊन स्वयंपाकघरात आलो. आई ताटं रचत होती. आवाज होऊ नये म्हणून प्रत्येक दोन ताटांमध्ये ती एक फडकं घालत होती.

“उठली का रे?” तिनं हळूच विचारलं.

“बसलीय. चित्र काढतेय.”

“तिचं नाही विचारत,” आई कुजबुजली. “मुंगी उठली का?”