टिन ऑर्चर्डची दुसरी बाजू

मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून पायी बारा मिनिटांवर, श्रमसाफल्य सोसायटीच्या तळमजल्यावर एक खोली आहे. दारावर ‘कार्यालय’ अशी पाटी आहे, पण कार्यालयाचं काम तिथे महिन्यातून एकदाच चालतं. एरवी कॅरमचा बोर्ड, मखराचे थर्माकोलचे तुकडे भरलेल्या गोणी आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, एवढाच तिचा संसार. मागच्या भिंतीला लागून पाण्याचा पंप आहे. रोज अकराच्या ठोक्याला वॉचमन तो चालू करतो, आणि पुढचा अर्धा तास खिडकीची काच थरथरत राहते.

राजेश सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून किल्ली त्याच्याकडे. दर रविवारी सकाळी दहाला तो खोली उघडायचा, टेबलावर रेकॉर्ड प्लेयर मांडायचा आणि तिघांची वाट बघायचा. विक्रोळीच्या कारखान्यातला त्याचा जुना सोबती अनंत, मालाडच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारा देवेश, आणि घाटकोपरला चष्म्याचं दुकान असलेला अल्पेश. चौघांना वेड एकच, ते म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक. वीस-वीस मिनिटांची गाणी, त्यात चार वेळा बदलणारा ताल, मधेच बासरी, मधेच ऑर्गन. घरच्यांना हा प्रकार सोसवत नसे, म्हणून ही खोली.

आणि भांडणं तर काय! देवेशचा देव म्हणजे किंग क्रिम्सन हा बँड. अल्पेशला येस सोडून दुसरं काही मान्य नाही.

“तुझ्या येसचा सोलो सुरू झाला ना, की मी दाढी करून येतो. परत येतो तर तोच सोलो चालू,” देवेश म्हणायचा.

“तू दाढीच कर रे. क्रिम्सन ऐकायला मेंदू नाही लागत, क्रोसिन लागते.”

“आणि फ्लॉइड?”

“फ्लॉइडचं नाव काढू नकोस यार. कॉलेजच्या पोरांच्या टी-शर्टावर असतं ते. तो काय बँड झाला?”

यात शेवटचा शब्द राजेशचा असायचा, कारण कान राजेशचा. कारखान्यात तो फ्रीजचे कंप्रेसर कानाने तपासायचा. शांत खोलीत बसायचं, पोलादी सळईचं एक टोक कंप्रेसरला लावायचं, दुसरं कानाला. मशीनने पास केलेला माल राजेशने नापास केला, तर साहेब राजेशचं ऐकत. मार्चमध्ये तो निवृत्त व्हायचा होता, पण कंपनी दोन वर्षं वाढवून द्यायला तयार होती. अट एकच, की कंपनीच्या डॉक्टरांकडे कानाची तपासणी झाली पाहिजे. तपासणीची तारीख ठरली होती. त्याला तिची काळजी नव्हती. कानाखेरीज आपल्याजवळ दुसरं काही नाही हे त्याला माहीत होतं, आणि कान उत्तम होता.

अनंतचं तसं नव्हतं. शहाऐंशी साली दोघं एकाच दिवशी अप्रेंटिस म्हणून लागले. एकाच हॉस्टेलात राहिले, पहिली एलपी एकत्र ऐकली. शांत खोलीत जागा एकच होती, आणि दोघांत तयारीचा कान अनंतचा होता. राजेशने साहेबांपाशी एवढंच सहज म्हटलं होतं, की अनंतचा कान पावसाळ्यात वाहतो. अनंत प्रेसशॉपला गेला. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसपाशी चौतीस वर्षं उभा राहिला आणि आपले कान तिथेच ठेवून आला. साहेबांपाशी काय बोललो, ते राजेशने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता अनंतच्या उजव्या कानात पिवळट रंगाचं यंत्र असायचं. तो ते केसांखाली लपवायचा. चारचौघांत हसायची वेळ आली, की इतरांची तोंडं बघून मग हसायचा.

चौघांचा एक खेळ होता. त्याला ते ‘कोरी बाजू’ म्हणत. एकाने घरून एलपी आणायची, कव्हर उशीच्या अभ्र्यात लपवायचं. बाकीच्यांनी खुर्च्या भिंतीकडे वळवायच्या. सुई टेकली की ती उचलेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, मागे बघायचं तर नाहीच. जो वळला तो हरला. बाजू संपली की चिठ्ठीवर बँडचं नाव लिहायचं. चुकेल त्याने चहाचे कप धुवायचे. दोन वर्षं कप अनंतच धूत होता. देवेशने त्याचं नाव ‘कपबशी’ ठेवलं होतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी बाकीच्या तिघांनी अनंतला भिंतीकडे बसवलं आणि सुई टेकवलीच नाही. तिघं चार मिनिटं गुपचूप बसले. पंखा फिरत होता, बस. मग देवेशने अनंतच्या खांद्याला हात लावला आणि चिठ्ठी पुढे केली. अनंतने थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘कॅमल’.

अल्पेश हसता हसता खुर्चीवरून घसरला. अनंतही हसला, सगळ्यांच्या नंतर.

त्या यशाने राजेशला चेव चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता त्याने मोबाईलवर एक बँडच रचला. नाव टिन ऑर्चर्ड. इंग्लंडमधल्या एका बंदराच्या गावातले तिघं, एकच एलपी, साल एकोणीसशे त्र्याहत्तर. दुसऱ्या बाजूला एकच लांबलचक गाणं. रेकॉर्डिंग चालू असताना एकोणिसाव्या मिनिटाला ऑर्गनवाला ठार बहिरा झाला. बाकीच्या दोघांनी गाणं संपवलं, सामान आवरलं, निघून गेले. त्याला कळलंच नाही. तो वाजवतच राहिला. सुरुवातीला त्याने खुर्ची ओढल्याचा आवाज येतो, असंही राजेशने लिहिलं होतं. पण ते जास्त वाटलं, म्हणून खोडलं आणि उरलेलं चौघांच्या ग्रुपवर टाकलं. खाली विचारलं, ‘कुणी ऐकलंय का?’

“अहो, थंड होतायत पोहे,” माधुरी म्हणाली. जाता जाता त्याच्या शर्टाच्या कॉलरमागे बाहेर आलेलं लेबल तिने बोटाने आत सारलं. ही तिची रोजची सवय. “कोणाची खिल्ली उडवताय एवढी?”

“कुणाची नाही गं.”

पाच मिनिटांनी अनंतचं उत्तर आलं. ‘ऐकलंय. दुसरी बाजू छान आहे.’

अनंतला वगळून तिघांचा वेगळा ग्रुप होता. दिवसभर तिथे हसणाऱ्या तोंडांचा पूर आला.

रविवारी देवेशने विषय काढला. तो मोठमोठ्याने, लहान मुलाला समजावतात तसा बोलत होता. “काय मग अन्या, टिन ऑर्चर्ड! सांग ना, सुरुवात कशी आहे?”

अनंत कप पुसत होता. “सुरुवातीला खुर्ची ओढतात,” तो म्हणाला. “मग ऑर्गन.”

देवेशने राजेशकडे बघून डोळा मारला. राजेश हसला नाही.

“आणि?” राजेशने विचारलं.

“ऑर्गनवाला मधे एकदा खोकतो. शेवटी शेवटी. रेकॉर्डवर राहून गेलंय ते.” अनंतने कप पालथा ठेवला. “नीट ऐकलं तर कळतं.”

घरी येऊन राजेशने मोबाईल तपासला. खुर्चीचं वाक्य पाठवायच्या आधीच खोडलेलं होतं. ते कुणी वाचलेलं असणं शक्य नव्हतं. मग त्याने स्वतःला समजावलं, की खुर्ची काय कुठेही ओढतात. अंदाज लागला असेल.

पुढच्या रविवारी अनंत अभ्रा न घेताच आला. कापडी पिशवीतून त्याने एलपी काढली आणि टेबलावर ठेवली.

कव्हरवर पत्र्याची झाडं होती आणि वर नाव होतं, टिन ऑर्चर्ड. कडा कसरीने खाल्लेल्या, वास बंद ट्रंकेचा. अल्पेशने मोबाईलवर शोधलं. काही सापडलं नाही.

“छापून आणलंस ना?” देवेश म्हणाला. “आजकाल काय, लग्नाच्या अल्बमसारखं काहीही छापून मिळतं. पण मानलं तुला, झकास केलंयस.”

“माझ्याकडे होतीच रे,” अनंत म्हणाला. “हॉस्टेलपासून. हे बघ.”

कव्हरच्या आतल्या बाजूला विटलेल्या निळ्या शाईत अनंतचं नाव होतं. खाली ‘विक्रोळी, १९८६’. अक्षर तेव्हाचं, गोलगोल. राजेशला ते ओळखीचं होतं. त्या अक्षरातल्या नोट्स उतरवून तो परीक्षा पास झाला होता.

त्याने कव्हर उलटलं. मागे तिघांचा फोटो. दोघं समोर बघत होते. तिसरा खुर्चीवर, पाठमोरा, भिंतीकडे तोंड करून बसलेला. कॉलरमागे शर्टाचं लेबल बाहेर आलं होतं.

“कोरी बाजू खेळू या,” अनंत म्हणाला.

“अरे पण नाव माहितीये की सगळ्यांना,” अल्पेश म्हणाला.

“नाव नाही ओळखायचं. बाजू कुठे संपते, तेवढं ओळखायचं.” तो राजेशकडे बघत होता. “का रे? घाबरलास?”

राजेशला राग आला. उद्या, सोमवारी, कंपनीच्या डॉक्टरांकडे जाऊन ज्याने कानाचं प्रमाणपत्र आणायचं, त्याला हा प्रेसशॉपचा बहिरा ऐकायला शिकवणार! त्याने खुर्ची भिंतीकडे वळवली आणि बसला. देवेश-अल्पेशही बसले. घड्याळात दहा चाळीस झाले होते.

सुई टेकली. खरखर सुरू झाली.

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. अल्पेशची असेल, राजेशला वाटलं. पण अल्पेश त्याच्या डाव्या हाताला दगडासारखा बसला होता.

ऑर्गन सुरू झाला. चांगला होता. खरं सांगायचं तर फारच चांगला होता. खालचा एक स्वर धरून तो हळूहळू वर चढत होता. मग ड्रम आले, मग गिटार. समोरच्या भिंतीवर ओल येऊन गेल्याचा डाग होता आणि कॅलेंडर काढल्यावर उरलेला एक खिळा. राजेश खिळ्याकडे बघत ऐकत राहिला. सव्वासात मिनिटांनी ताल बदलला. तेराव्या मिनिटाला परत बदलला. कोण आहेत ही माणसं? त्याला मान वळवून अनंतकडे बघावंसं वाटलं. तो वळला नाही.

त्याने मनगटावर नजर टाकली. दहा एकोणसाठ. त्याने लिहिलेलं एकोणिसावं मिनिट.

ड्रम थांबले. थोड्या वेळाने गिटार थांबली.

ऑर्गन चालू राहिला.

आता संपेल, राजेशला वाटलं. एलपीची एक बाजू पंचवीस मिनिटं, फार तर तीस. त्यापुढे जागाच नसते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

अकरा वाजून दहा मिनिटं झाली. पंप लागला नव्हता. वॉचमन विसरला, असं त्याने ठरवलं. मग नजर खिडकीकडे गेली. काच थरथरत होती.

त्याने खिळ्याकडे नजर परत आणली.

अकरा पंचवीस. ऑर्गन चालू होता. डाव्या हाताची खुर्ची रिकामी होती. अल्पेश कधी उठला? हे सगळे मिळून आपल्याला फसवतायत, त्याच्या लक्षात आलं. मोबाईलवर काहीतरी लावून ठेवलंय, आणि तिघं मागे तोंड दाबून हसतायत. अनंतला हसले तसे. वळायचं नाही. जो वळला तो हरला.

बारा वाजले.

उन्हाची पट्टी भिंतीवरून खाली उतरली आणि गोणीपर्यंत आली. स्वर तोच होता. जराही थकला नव्हता.

साडेबारा.

एक वाजून वीस मिनिटं.

मानेला काहीतरी लागलं. एक बोट होतं. त्याने कॉलरमागचं लेबल हळूच आत सारलं.

तो वळला.

माधुरी होती. दार सताड उघडं होतं. ती आल्याचा, चपलांचा, कडीचा, कशाचाच आवाज झाला नव्हता. तिचे ओठ हलत होते. भरभर हलत होते, मग थांबले, मग पुन्हा हलले. शब्द एकही नव्हता. ऑर्गन तेवढा होता.

टेबलावर प्लेयर बंद होता, त्यावरची थाळी रिकामी. एलपी नव्हती, पिशवी नव्हती. तीन कप धुऊन पालथे ठेवले होते. चौथा त्याचा, साय धरलेला. त्याच्या शेजारी तीन चिठ्ठ्या होत्या. तिन्हींवर वेळ लिहिली होती, अकरा वाजून पाच मिनिटं. चौथी चिठ्ठी कोरी होती. ती उडू नये म्हणून तिच्यावर अनंतचं पिवळट यंत्र ठेवलं होतं. ते आता त्याला लागत नसावं.

राजेशने ते उचलून कानात घातलं. बटण पुढे केलं, मागे केलं.

माधुरीने त्याचा दंड धरला. तिच्या डोळ्यांत आता पाणी होतं. आपण तिला काहीतरी सांगतो आहोत हे राजेशला गळ्याच्या हालचालीवरून कळत होतं, पण स्वतःचा आवाज त्याला येत नव्हता. घसा कोरडा पडला होता. तो खोकला.

तो खोकला मात्र त्याला ऐकू आला. खोलीतला नव्हता तो. लांबून आला, ऑर्गनच्या मागून, जुन्या तबकडीच्या खरखरीतून, कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी खोकून गेल्यासारखा.