रेडिओच्या पाच रेघा

नर्स चेतनाने खोकं उघडलं आणि माहितीपत्रक वाचायला घेतलं. हातभर लांब होणारी एरियल, शॉर्टवेव्हचे बारा पट्टे, ट्यूनिंगचं बारीक बटण, पडद्यावर सिग्नल दाखवणाऱ्या पाच रेघा. धडगावच्या वरच्या या पाड्यात मोबाइल लागत नाही, म्हणून तिने वायरलेस संचासाठी वर्षभर अर्जांवर अर्ज केले होते. आरोग्य उपकेंद्राच्या पदरात पडला तो हा, नुसता ऐकणारा रेडिओ.

निदान पाऊस उघडणार की नाही, एवढं तरी त्याने सांगावं. गोवालआबाची सून कोकिळा बाळंतपणात कालपासून आतल्या खाटेवर अडली होती, आता तिची शुद्धही हरपत होती. नाल्यापलीकडचा रस्ता खचलेला. नाला उतरला, तरच झोळीतून तिला नेता येणार होतं.

दुपारचे चार वाजले होते, पण ढगांनी खोली काळवंडली होती. ओल्या भिंतींचा कुबट वास येत होता. खरखर. परक्या भाषेतलं गाणं. पुन्हा खरखर. चेतना दात आवळून बटण फिरवत होती. हवामान सोडून सगळं लागत होतं.

मग रेडिओतून लांबलचक हाक आली. या डोंगरावरून त्या डोंगराला घालतात तशी. दाराशी बसलेल्या गोवालआबाने सवयीने तोंडाशी हात धरून ओ दिली.

चेतना वैतागली. "आबा, हाई फक्त ऐकस. तुमना आवाज कोठेच जात नही."

"हाकेला ओ द्यावीच लागते, ताई. नाहीतर येणाऱ्याला घर सापडत नाही."

खरखर थांबली. एक दमलेला आवाज म्हणाला, "ओ ऐकली... आम्ही चौघं. झोळी घेऊन येतोय."

पडद्यावर एक रेघ होती, तिच्या दोन झाल्या. चेतनाला क्षणभर आशा वाटली. धडगावहून कुणी निघालं असेल? तिने एरियल मिटून पाहिली. तरी तिसरी रेघ उमटली. चिखलातली पावलं ऐकू यायला लागली... चौथी.

"आबा, नाला उतरला का?"

"दोन पुरुष खोल पाणी आहे," तो हळूच म्हणाला. "तिकडून कोणी येणार नाही."

पाचवी रेघ. रेडिओत कुणीतरी अगदी जवळून म्हणालं, "कोकिळा..."

आणि कोकिळाची ओ आली. ठणठणीत. रेडिओतूनच.

चेतना आत धावली. कोकिळा खाटेवरच होती. छाती हलत होती, डोळे उघडे होते. चेतनाने हाका मारल्या, गाल थोपटले. पापणीही लवली नाही.

बाहेर रेडिओत पावलं पुन्हा चालू लागली होती. आता ओझं उचलल्यासारखी जड पडत होती. तिने दारातून पाहिलं. पडद्यावर चार रेघा होत्या. मग तीन.