सातव्या नाल्याचं तीर्थ

पहाटेच्या शांततेत देवघरातली घंटी किणकिणली आणि वर्षाराणीची झोप मोडली. पाठोपाठ दारातून आईचा आवाज आला, "घ्या लेकरा, तीर्थ घ्या. गंगामाईचं हाय."

एवढ्या सकाळी कोण? केस बांधत ती बाहेर आली… आणि थिजलीच. दारात एक उंच, सावळा तरुण उभा. खांद्याला बर्फाचा डबा, आणि तळहातावर – आईच्या हातातल्या बाटलीतलं, तिनं काल फ्रिजमध्ये ठेवलेलं पाणी!

"पिऊ नका! सातव्या नाल्याचं आहे ते!"

त्याचा हात ओठांशीच थबकला. एकदा तळहाताकडं, एकदा तिच्याकडं बघत तो म्हणाला, "तरीच… वास ओळखीचा वाटला."

नांदेडकरांची गोदावरी म्हणजे गंगाच. बाटलीवर 'गंगा' एवढंच वाचून तिच्या आईनं, तारामतीबाईंनी, देवांना त्याच पाण्यानं न्हाऊ घातलं होतं. "अगं बया!" म्हणत त्या आत पळाल्या, देवांना पुन्हा आंघोळ घालायला.

घाटावरच्या बायकांनी मोहीमच काढली होती. शहराचं सांडपाणी तसंच नदीत सोडणाऱ्या सातव्या नाल्याचं पाणी दर रविवारी तपासायचं. वर्षाराणी बाटली भरायची, आणि आजपासून ती प्रयोगशाळेत न्यायला आला होता संगमेश्वर. मूळचा चाकूरचा, इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा.

"चला सर, आता नवी बाटली भरावी लागणार."

घाटाच्या शेवटच्या पायरीवरून ती दोरीला बांधलेली बाटली घेऊन वाकली. त्यानं हळूच तिच्या ओढणीचं टोक धरलं.

"पडाल…"

"पडले तर?"

"नमुना बिघडेल ना!"

ती हसली – खळखळून. तिच्या लेकीचे, ऋतुजाचे बाबा गेल्याला चार वर्षं झाली होती. असं हसू तेव्हापासून पहिल्यांदाच, न विचारता आलं.

मग रविवार येत गेले. सहा वर्षांची ऋतुजा बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायची. तारामतीबाई फ्रिज उघडला की ओरडायच्या, "हे देवाचं का नाल्याचं?" संगमेश्वर बर्फ भरता भरता नुसता वर्षाराणीकडं बघायचा… आणि बर्फ बाहेरच सांडायचा.

"सर, डबा इकडं आहे."

"हाव, दिसतोय. पण नजर तिकडं जायला तयार न्हाई."

अहवालांची चळत घेऊन बायका महापालिकेत गेल्या. साहेब आढेवेढे घ्यायला लागले तशी त्यांच्यातल्या पारूबाईनं टेबलावर बाटली ठेवली. "झाकण उघडू का, साहेब?" महिन्याभरात लेखी आदेश निघाला, आणि दिवाळीच्या आत नाला शुद्धीकरण केंद्राकडं वळला. घाटावर पेढे वाटले. वर्षाराणीनंही वाटले. संध्याकाळी मात्र फ्रिजचा रिकामा कप्पा बघून तिचे डोळे भरून आले. नाला नाही, म्हणजे नमुना नाही. आणि नमुना नाही, तर… रविवार तरी कशाचा?

दुसऱ्याच दिवशी रविवार होता. कडी वाजली. दारात तोच. खांद्याला तोच डबा.

"सर, नाला तर बंद झाला."

"माहीत आहे."

"मग हा डबा?"

त्यानं झाकण उघडलं. बर्फात चार कुल्फ्या. एक ऋतुजाच्या हातात देऊन तो अडखळला, "नमुना घ्यायला आता काही उरलं नाही. पण रविवार उरलाय… मला तो इथंच घालवायचाय. सगळेच वारसुद्धा. चाकूरला आईशी बोललोय. तुम्ही हो म्हणालात, तर पुढच्या रविवारी ती येईल… तुम्हाला नि ऋतुजाला, दोघींना मागणी घालायला."

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम थांबला. तारामतीबाईंचे कान दाराशी आले असणार! वर्षाराणीनं खाली बघत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं…

कोपरापर्यंत ओघळलेली कुल्फी चाटत ऋतुजानं मान वर केली.

"आई, नाला बंद झाला म्हणून समदे हसून राहिले होते ना… मग तू फ्रिज उघडून रडत का होतीस?"