कागदाचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर तापून बंद पडतो, त्यामागे बहुतेक वेळा धूळच असते. लोक मला व्हायरस सांगतात, दृष्ट सांगतात, शेजारणीचं नाव घेतात. मी मुकाट्याने पंखा उघडते आणि मांजराच्या केसांचा बोळा काढून त्यांच्या हातावर ठेवते. पेनांगची दमट हवा आणि दारोदारच्या अगरबत्त्या आहेत तोवर माझं दुकान काही बसत नाही.

गुआट आंटीने बोलावलं तेव्हाही मी ब्रश आणि प्रोसेसर गार ठेवणाऱ्या पेस्टची ट्यूब एवढंच घेऊन गेले. आंटी आमच्या आईची जुनी मैत्रीण. नवरा कधीच गेलाय, सकाळी कोपऱ्यावर पेजेची गाडी लावते, आणि जिभेला हाड नाही.

"रोज पुसते मी त्याला," ती म्हणाली. "धूळबीळ मला सांगू नकोस."

"बाहेरून पुसता, आंटी. आतून कोण पुसणार?"

"म्हणून तर तुला बोलावलं, यिन. बडबड कमी कर आणि हात चालव."

कॉम्प्युटर तिच्या मुलाचा, चुन होंगचा. कंबोडियात ऑफिसची नोकरी लागली म्हणून तो गेला. आईला फोनवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून जाताना या मोठ्या स्क्रीनवर तिला चॅट लावून दिला. दर रविवारी लिहायचा. मग एकदा लिहिलं की पासपोर्ट काढून घेतलाय, फाटकाबाहेर सोडत नाहीत. त्यानंतर काहीच नाही. वर्ष होत आलं. पोलीस झाले, वकिलातीच्या खेपा झाल्या. तेव्हापासून आंटीने कॉम्प्युटर एकदाही बंद केला नव्हता. पोरगा लिहील आणि नेमका इथे स्क्रीन काळा असेल, ही एकच धास्ती. आता तो दिवसातून कितीदा तरी आपणहून बंद पडत होता आणि दर वेळी ती धावत येऊन बटण दाबत होती.

मी कॅबिनेट उघडलं. पंख्याच्या पात्यांवर राख होती. धूळ नव्हे, राखच. मऊ, करडी, मधूनच सोनेरी कागदाचा कण. खिडकीतून वाकून पाहिलं तर खाली मागच्या गल्लीत लोखंडी पिंप. चिनी पंचांगाचा सातवा महिना चालू होता, मेलेले घरी फेरी मारतात तो; इथे जाळलेलं तिकडे पोचतं म्हणून अख्खी गल्ली आपापल्या मेलेल्यांसाठी कागद जाळत होती.

"घ्या, सापडलं," मी म्हटलं. "पिंप हलवा इथून. सगळी राख पंखा आत ओढतोय. कुणासाठी जाळताय एवढं, अंकलसाठी?"

आंटी स्क्रीन पुसायला लागली. दारात तिचे थोरले दीर बून तेक काका कॉफीचा पेला घेऊन उभे होते, ते बोलले.

"चुन होंगसाठी. वर्षभर पत्ता नाही म्हणजे काय ते समजून घ्यायचं. सातव्या महिन्यात पोराला घरचं काही पोचलं नाही, तर दुसऱ्यांच्या दारात तोंड वासून उभा राहील. मीच म्हटलं, कागदाचा कॉम्प्युटर करून पाठव. वर नाव आणि जन्मतारीख चिकटवली, म्हणजे वाटेत कुणी हिसकावणार नाही."

"पण तो गेलाय असं सांगितलं कुणी?"

"आणि जिवंत आहे असं तरी कुणी सांगितलं?"

मला संताप आला. जिवंत माणसाच्या नावाने आमच्याकडे एक चिठोराही जाळत नाहीत, हे काय काकांना मी सांगायचं? पण आंटी खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, तिकडे कॉम्प्युटर असला तर लिहील तरी."

जाळायच्या वस्तू करून देणाऱ्या कागदवाल्याला तिने याच कॉम्प्युटरचा फोटो दिला होता. त्यानेही हुबेहूब करून दिला, चुन होंगने चिकटवलेल्या माशाच्या चित्रासकट. त्यानंतर खुर्ची झाली, टेबल झालं, रोज काही ना काही.

"आणि हा बंद कधीपासून पडायला लागला?"

"कागदाचा जाळला त्याच दिवसापासून."

साहजिकच होतं. राख त्याच दिवसापासून आत जात होती. मी सगळं साफ केलं, प्रोसेसरला नवी पेस्ट लावली, नवा पंखा बसवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बंद पडला.

मग मी त्याला स्क्रीन-कीबोर्डसकट उचलून दुकानात आणलं. एसी चालू, कॅबिनेटची बाजू उघडी, वर टेबलफॅन. चॅट उघडा ठेव, एवढी एकच अट आंटीने घातली होती. सकाळभर तो थंडगार चालला. मी दुसऱ्या गिऱ्हाईकाचा प्रिंटर उघडून बसले.

दुपारी कॅबिनेटमधला पंखा एकदम घोंघावायला लागला.

स्क्रीनवर तापमान भराभर चढत होतं. मी प्रोसेसरजवळ बोट नेलं. कोमट. पॉवर सप्लायही ठीक. जळक्या कागदाचा वास येत होता, म्हणून वायर शोधायला हात टेबलावर टेकला आणि झटकन मागे घेतला. तापला होता तो कीबोर्ड. बटणं अशी भाजत होती की बोट ठेववेना.

कीबोर्डमध्ये तापण्यासारखं काही नसतं. इतकी वर्षं हा धंदा करतेय, एवढं मला कळतं.

चॅटच्या खिडकीत खाली अक्षरं आली. चुन होंग लिहीत आहे.

मी बघत राहिले.

आई

मग बराच वेळ नुसतंच, लिहीत आहे, लिहीत आहे.

आई हात भाजतायत

स्क्रीन काळा झाला.

मी आंटीला फोन लावला. "कुठे आहात? काय करताय?"

"पिंपाशी. त्याला पंखा पाठवतेय," ती म्हणाली. "इथला तापतो, तर म्हटलं तिकडचाही तापत असेल."

"विझवा. आत्ताच्या आत्ता पाणी ओता."

का म्हणून तिने विचारलं नाही. फोनमधून चर्र असा आवाज आला. मी कीबोर्डवर हात ठेवला. गार होता.

आंटी आणि काका धावत आले. मी कॉम्प्युटर लावून त्या दोन ओळी दाखवल्या. आंटीने चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

काकांनी मान डोलावली. "पोचतंय तर त्याला. मी म्हटलं नव्हतं?"

त्या क्षणी त्या माणसाला जिन्यावरून ढकलून द्यावंसं मला वाटलं.

"मेलेल्याला भाजतं का ग, यिन?" आंटीने विचारलं.

"मला नाही माहीत, आंटी."

"नाही भाजत. म्हणजे तो जिवंत आहे." ती हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा उतरला. कुणी भाजलं त्याला, ते तिला कळलं होतं.

पिंप तिने त्याच दिवशी भंगारवाल्याला दिलं. दिरांना घराची पायरी चढू दिली नाही. कॉम्प्युटर मी पुन्हा वरच्या खोलीत लावून दिला आणि पुढचे कितीतरी दिवस तो एकदाही तापला नाही, एकदाही बंद पडला नाही. एवढं चोख काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल.

लिहून मात्र काहीच आलं नाही.

आंटीने पेजेची गाडी लावणं सोडलं. आई डबा पाठवायची, मी पोचवायला जायचे. ती स्क्रीनसमोर बसलेली असायची, डोळे सुजलेले. एकदा माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जळत होतं तेव्हाच लिहिलं ना त्याने?"

"आंटी, असला विचार मनात आणू नका."

"विचारलं तेवढं सांग."

"हो."

"पेटलेलं असतानाच."

"हो."

तिने डबा उघडला आणि त्या दिवशी सगळा भात संपवला. मला बरं वाटलं. आईला तसं सांगितलंही, की आंटी सावरतेय.

सातवा महिना सरला. कागदवाल्यांच्या गल्लीत शुकशुकाट झाला. मी एका गिऱ्हाईकाकडे निघाले होते, तर आंटी त्या दुकानात उभी दिसली. नीट विंचरलेले केस, स्वच्छ ब्लाऊज, पुष्कळ दिवसांनी माणसात आल्यासारखी. मी हाक मारणार होते.

कागदवाला विचारत होता, "परवाच नेलात ना एक कॉम्प्युटर? पुन्हा तोच?"

"तोच. नावही तेच घाला," आंटी म्हणाली. "पण जरा जाड पुठ्ठ्याचा करा. मागचा भसाभसा जळला, त्याचं बोलणं अर्धंच राहिलं."