शिक्क्याखालची रेषा

"हात लावू नका! भंगार झालंय ते!" सरकारी तंत्रज्ञ फ्योकाका ओरडले आणि त्यांनी गावच्या कर्ण्याच्या अँप्लिफायरवर पिवळी चिठ्ठी चिकटवली. "चार वाजता गाडी घेऊन येतो न्यायला."

हानबीने हात मागे घेतला नाही. "पण झालंय काय त्याला?"

"पॉवर सप्लाय गेलाय. कंपनी बंद पडलीय, सर्किटचा नकाशा मिळत नाही. नकाशाशिवाय दुरुस्ती होते का कधी? आता सगळ्यांना फोनवर संदेश येतील!"

"चिखलात उतरलेल्या बायका फोन बघणार?" हानबीची मैत्रीण युरिम उसळून म्हणाली. "बरबटलेल्या हातांनी?"

फ्योकाका न ऐकताच निघून गेले. मोठ्या माणसांना ही कला छान जमते!

गावाचा कर्णा आठ दिवस मुका होता. ओहोटीला गावातल्या बायका शिंपले खणायला दूरवर चिखलात जात आणि भरती लागली की हानबीचे आजोबा, म्हणजे गावचे मुखिया, कर्ण्यावरून त्यांना परत बोलावत. सव्वीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. कर्णा बंद पडला आणि गेल्या मंगळवारी युरिमच्या आजीने मान वर केली, तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं! आजी हसत घरी आली. युरिम मात्र तेव्हापासून भरतीच्या वेळी बांधावर जाऊन उभी राहायची.

"सरकारी माणूस म्हणतो, तर..." आजोबा पुटपुटले.

"म्हणू दे! नकाशा नाही, पण बोर्ड तर आहे ना? बोर्डावरूनच नकाशा काढू! सोलच्या दुरुस्तीच्या दुकानात बाबा रोज तेच करतात, आणि पेन्सिल माझ्या हातात असते!"

हानबीने कॅलेंडरचं पान फाडून उलटं अंथरलं. तिच्या धाकट्या भावाने, दोग्युमने, लगेच उघड्या बोर्डाकडे बोट नेलं. फटकन त्याच्या हातावर चापट बसली.

"ताई! प्लग काढलाय की!"

"प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसते, गाढवा!"

उरलीसुरली वीज काढून टाकायला आजोबांनी बल्बच्या दोन तारा कपॅसिटरला टेकवल्या. बल्ब मिणमिणलासुद्धा नाही. हानबीने मीटर लावून पाहिला. शून्य!

"रिकामा आहे. आता लाव बोट!"

काम सुरू झालं. युरिम मीटरची टोकं टेकवायची, दोन जागा जोडलेल्या असल्या की मीटर 'पीं' वाजायचा, दोग्युम ओरडायचा आणि हानबी रेघ ओढायची. तासाभराने दोग्युम मक्याचं कणीस चावत म्हणाला, "ताई, हे चित्र उलटं नाही का? बोर्ड पालथा केला की डावं ते उजवं होतं ना!"

हानबीने कपाळाला हात लावला. सगळं खोडलं आणि दात-ओठ खात पुन्हा पहिल्यापासून काढलं.

अडीच वाजता पानभर नकाशा तयार झाला. फक्त एक रेषा अडली. चार डायोडांकडून निघालेली तांब्याची पट्टी बोर्डावर चिकटवलेल्या एका चंदेरी शिक्क्याखाली शिरत होती. पलीकडून निघून ती कपॅसिटरला मिळत होती. दोन्ही टोकांना मीटर लावला, तर वाजेचना!

"वीज आत जातेय आणि बाहेर येतच नाही!" युरिम म्हणाली.

"म्हणूनच कपॅसिटर रिकामा!" हानबीने शिक्का वाचला. 'तपासले. काढल्यास जबाबदारी तुमची.' खाली मागच्या वर्षीची फ्योकाकांची सही.

"शिक्क्याला हात लावायचा नाही हं!" आजोबा घाबरून म्हणाले.

"आजोबा, शिक्का मोठा की युरिमची आजी?"

आजोबा बाजूला सरकले.

"जबाबदारी तुमची, असंच लिहिलंय ना? मग घेतली मी!" हानबीने नखाने शिक्का खर्रकन ओढून काढला.

खाली पट्टीवर पेचकस घसरल्याचा तिरका ओरखडा होता. त्यावर थातूरमातूर फासलेलं सोल्डर आता तडकून काळं पडलं होतं. ज्याने चूक केली, त्यानेच ती 'तपासून' झाकून टाकली होती! आजोबांचा चेहरा लालबुंद झाला. "फोन लाव तुझ्या बाबाला!" ते गरजले.

बाबांनी फोटो पाहून सांगितलं, "जाड तार जोड. आणि आधी सिरीज बल्ब लावून, म्हणजे वीज बल्बमधून पाठवून बघा! थेट प्लग लावायचा नाही, आणि बटण आजोबाच दाबतील."

हानबीने तार जोडली. तेवढ्यात फ्योकाका गाडी घेऊन हजर! त्यांनी काही म्हणायच्या आत आजोबांनी बटण दाबलं. बल्ब भगभगून पेटला.

"बघा! शॉर्ट झालंय!" फ्योकाका ओरडले.

बल्ब मंदावला. मग जवळजवळ विझलाच. दोग्युम रडकुंडीला आला. "मेला, ताई!"

"मेला नाही! कपॅसिटर भरला!" हानबी टुणकन उडाली. "शॉर्ट असता तर बल्ब पेटलेलाच राहिला असता!"

बल्ब काढून थेट प्लग लावला, तसा कर्णा घुमला. आजोबांनी माइक पुढे केला. "आज तू बोलायचंस."

"भरती लागली!" हानबीचा आवाज चिखलभर पसरला. "सगळ्यांनी परत या! युरिमच्या आजी, तुम्ही सगळ्यांत आधी!"

युरिम बांधाकडे धावत सुटली. लांबवर एक वाकलेली आकृती ताठ झाली, तिने फावडं हवेत हलवलं आणि ती किनाऱ्याकडे वळली. युरिम हसतही होती आणि रडतही होती.

आजोबांनी झाकणाच्या आत कॅलेंडरचा नकाशा चिकटवला. "सव्वीस वर्षं या पेटीसमोर बसलो, पण आत बघायचं धाडस तुम्ही पोरांनी केलंत. शाबास! नकाशा नाही, असं आता कुणी म्हणायचं नाही."

सोलून काढलेला शिक्का पाहून फ्योकाकांचे कान लाल झाले होते. "चुकलं माझं," ते हळूच म्हणाले. सवयीने त्यांचा हात खिशातल्या नव्या शिक्क्याकडे गेला आणि अर्ध्यावरच थबकला.

"लावा ना, काका!" हानबी म्हणाली. "फक्त बाजूला लावा. रेषेवर नको."