सोनं लाल का झालं?

"हे सोनं? डॉक्टरीणबाई, पंचावन्न वर्षं सोनं वितळवलंय मी. सोनं पिवळं असतं, पिवळं!"

नाना पोतदारांनी नमुन्याची कुपी उजेडात धरली. आत डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी. खिशातला कसोटीचा दगड काढून त्यांनी त्यावर एक थेंब घासलासुद्धा. रेघ काही उठली नाही.

त्यांच्या लेकीच्या, सुलूआत्याच्या घशात कर्करोगाची गाठ होती. कापून काढावी, तर आवाज जायची भीती; आणि आत्या तर गावभर ओव्या गाणारी. हे लाल औषध घ्यायचं, पण नानांनी मान डोलावली तरच, असं तिचं ठरलेलं.

"पण मग ते लाल का?" आत्याची दहा वर्षांची भाची शर्वाणी विचारू लागली.

डॉ. घोरपडे हसल्या. "इतके बारीक कण केलेत सोन्याचे, की केसाच्या जाडीत ओळीने दोन हजार मावतील. हे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण). प्रकाशाची लाट आली, की त्यांच्यातले इलेक्ट्रॉन (विजेचे चिमुकले कण) मिळून झोके घेतात. कणाचा आकार बदलला की झोका बदलतो, आणि झोक्याबरोबर रंग. या कुपीतल्या कणांचा झोका हिरवा प्रकाश गिळतो, म्हणून पाणी लाल दिसतं. आता या बॅटरीवर तळवा ठेव बघू."

शर्वाणीचा तळवा पळसफुलासारखा उजळला.

"अय्या, लाल!"

"बाकीचे रंग मांसात अडतात, लाल पार होतो. अवरक्त प्रकाश (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) त्याहून थोडा आत शिरतो. आमचे हे कण लांबट; आडवे हिरव्यावर झुलतात, पण लांबीच्या दिशेने या अवरक्तावर. शिरेतून सोडल्यावर ते गाठीत साचले, की बारीक नळीने तिथेच तो प्रकाश पाडायचा. झुलून झुलून कण तापतात, गाठीच्या पेशी मरतात. शेजारी कण जवळजवळ नसतातच, म्हणून शेजार शाबूत."

नाना एकदम सरसावून बसले. "म्हणजे फुंकणीची ज्योत फक्त सांध्यावर! बाकी दागिन्याला आच नाही!"

"अगदी तेच, नाना."

"मग आधीच असं सांगायचं की! करा सुरू."

"आणि पोटात खूप खोल गाठ असली तर?" शर्वाणीने विचारलं.

"तिथवर आमचा प्रकाश नीट पोचत नाही अजून. मोठी होऊन तू पोचव."

दोन महिन्यांनी गाठ विरली. डॉक्टर म्हणाल्या, "आता गा. पण हळू हं."

आवाज आधी खरखरला, मग मोकळा झाला:

"सोनियाचे कण बाई, किरणांचे झोके घेती..."

आत्या थबकली. नाना नाक ओढून म्हणाले,

"थांबलीस कशाला? पुढचं म्हण."

"माझ्या गळ्याच्या अंगणी, पाखरं माघारी येती."