पात्यावरचा अंगठा

जुन्या तलवारीला उघड्या हाताने शिवायचं नाही, हा त्या तळघरातल्या कार्यशाळेचा पहिला धडा. बोटाचा घाम लागला, की तिथे गंजाचा ठसा उठलाच म्हणून समजा!

म्हणूनच त्या रेपियर तलवारीच्या लांब, अरुंद, भोसकण्यासाठीच घडवलेल्या पात्यावर पुन्हा अंगठ्याचा तांबूस ठसा दिसला, तेव्हा ताईने धाकट्या भावाचा कान पिळायचाच काय तो बाकी ठेवला.

"आणखी एक डाग दिसला, की साहेब तुला नारळ देणार. कळतंय का?"

"आईशप्पथ ताई, हातमोजे काढलेच नाहीत गं!"

तिने भिंग लावलं. ठशाच्या मधोमध कापल्याची तिरकी रेघ होती. भावाचा हातमोजा काढून त्याचा अंगठा तिने उलटसुलट करून पाहिला. साफ! तिचा जीव भांड्यात पडला. पण मग हा कोणाचा? अंगठ्याचं टोक मुठीकडे होतं. अणीच्या बाजूला उभं राहून कोणीतरी पातं धरलं होतं... स्वतःच्या अंगात शिरलेलं बाहेर ओढावं, तसं.

तिने भिंग बाजूला ठेवलं. पण काम थांबवून कसं चालेल? पातं मुठीत आतून कसं बसवलंय, त्याचं चित्र काढायचं होतं. भाऊ मुठीच्या टोकाचा गोळा फिरवू लागला. तोच मुठीवरची पिळाची तार सुटली आणि हातमोजा फाडून गेली.

"काही नाही गं, खरचटलंय."

अंगठ्यावर तिरकी चीर होती. तीच रेघ, त्याच जागी.

"उद्यापासून तू इथे यायचं नाहीस," ती कशीबशी म्हणाली.

"घ्या! म्हणजे नारळ तूच दिलास की!" तो हसला. तिला रडू आलं.

तिने तलवार कपाटात कोंडली आणि किल्ली गळ्यात अडकवून घरी नेली. सकाळी पलीकडच्या खोलीतून भावाचं घोरणं ऐकू आलं, तेव्हा कुठे ती उठली. किल्ली गळ्यातच होती. पण उजवा तळवा चुरचुरत होता.

तळव्यावर पिळाच्या तारेचे वळ उठले होते, मूठ घट्ट आवळून धरल्यासारखे. तिने तर तलवारीला हातमोज्याशिवाय कधी हात लावला नव्हता.

"ताई, उठलीस का गं?" भावाने आळस देत विचारलं.

तिने हात पाठीमागे लपवला.

"तू बाहेर येऊ नकोस," ती पुटपुटली. "आधी... आतून कडी लाव."